आधी वही, मग वाचक

जानेवारी उजाडला की आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. 'वार्षिकांकासाठी विद्यार्थ्यांनी आपले साहित्य अमुक तारखेपर्यंत आणून द्यावे' एवढाच त्यातला मजकूर. पण त्या कागदाने आमच्यातल्या लिहित्या मंडळींची झोप उडते. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, बसस्थानकावर, दिग्रसच्या नाही तर उमरखेडच्या गाडीची वाट पाहताना एकच चर्चा चालते : यंदा कशावर लिहायचे? कोणी म्हणतो, पावसावर लिही, पाऊस नेहमी घेतात. कोणी म्हणतो, आईवर लिही, सरांना आवडते. कोणी गेल्या पाच वर्षांचे अंक काढून बसतो आणि कोणत्या विषयावर किती कविता आल्या ते मोजतो. या साऱ्या धांदलीत एक प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही, तो म्हणजे 'मला काय सांगावयाचे आहे?'

गेली दोन वर्षे मीही याच धांदलीत होते. तेव्हा वाचकहो, पुढे जे लिहीत आहे ते उपदेश म्हणून घेऊ नका. ही एक कबुली आहे, आणि कबुली देणाऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार नसतो, एवढे मला कळते.

गोष्ट गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातली. काव्यवाचनाच्या कार्यक्रमात मी एक कविता वाचली. विषय अर्थातच शेतकरी. तिच्यात बळीराजा होता, भेगाळलेली भुई होती, सर्जा-राजाची जोडी होती, ठिगळाचे लुगडे नेसलेली आई होती आणि शेवटच्या कडव्यात आभाळाकडे लागलेले बापाचे डोळे होते. शेवटची ओळ वाचताना आवाज कुठे कापरा करायचा हेही मी घरी आरशासमोर ठरवून ठेवले होते. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला पारितोषिक मिळाले.

त्या दिवशी माझे बाबा आले होते. तालुक्याच्या कामासाठी पुसदला आले होते, म्हणून कार्यक्रमालाही थांबले. मागच्या भिंतीशी उभे राहून त्यांनी कविता ऐकली. संध्याकाळी गाडीत बसल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग खिडकीबाहेर पाहत त्यांनी विचारले, "पोरी, हे कोनाचं लिहिलं वं तू?"

मी म्हटले, "आपलंच की, बाबा."

"आपल्या घरी बैल कुठी हायेत? चार सालं झाले इकून. अन् तुही माय फाटकं लुगडं कधी नेसली वं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते खरोखरीच विचारीत होते. आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण आमच्या घरी बैल नाहीत हे मला ठाऊक होते. आमच्या वावरात भाड्याचा ट्रॅक्टर येतो. पोळ्याच्या दिवशी आई पाटावर मातीची बैलजोडी मांडून पूजा करते. आई बचत गटाची हिशेबाची वही लिहिते, आणि गटाच्या बैठकीला जाताना इस्त्रीचे पातळ नेसते. हे सारे मी रोज पाहत होते. तरी कविता लिहायला बसले तेव्हा यातले काहीही आठवले नाही. आठवला तो समोरचा सभागृह, परीक्षक आणि टाळ्या. त्यांना जो शेतकरी ओळखीचा वाटेल तो मी त्यांना दिला. माझा बाप मागच्या भिंतीशी उभा राहिला तो राहिलाच.

त्या दिवसापासून माझ्या मनात हा विषय घोळतो आहे. लिहावे ते कोणासाठी? वाचकाला काय वाटेल याची चिंता लिहिणाऱ्याने करावी की करू नये?

वर्गात हा प्रश्न आम्ही वेगळ्या नावाने शिकलो आहोत. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांचा 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा वाद परीक्षेत आठ गुणांसाठी येतो. आठ गुणांचे उत्तर आम्हां सर्वांना पाठ आहे. पण त्या वादात वही उघडून बसलेल्या माणसाच्या पोटातली भीती कुठे येत नाही. 'हसतील का?', 'माझी भाषा गावंढळ वाटेल का?', 'घरचे काय म्हणतील?' ही ती भीती. कला की जीवन हे ठरविण्याच्या आधीच ही भीती आमच्या हातातली लेखणी धरून बसलेली असते.

मी हा विषय आमच्या मराठीच्या सरांपाशी काढला. सर म्हणाले, "वाचकच नको असेल तर लिहिणे आणि स्वतःशी पुटपुटणे यांत फरक काय राहिला?" मुद्दा बिनतोड आहे. एका मैत्रिणीने तर त्याहून सरळ विचारले, "स्वतःसाठीच लिहायचं तर वार्षिकांकात देतेस कशाला?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना मला आपल्याच भाषेतली, आणि बरीचशी आपल्याच वऱ्हाड-खानदेशातली, काही माणसे भेटली. त्यांची हकीकत सांगते. मग माझे मत सांगेन.

पहिली आठवण अर्थातच बहिणाबाई चौधरींची. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये त्यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. लिहिता-वाचता येत नव्हते. तरुण वयात वैधव्य आले. शेतातली कामे, घरातली कामे, जाते, चूल, आणि या कामांच्या हातांबरोबर तोंडातून निघणाऱ्या ओव्या. मुलगा सोपानदेव आणि घरातलाच एक नातलग यांनी त्यांतल्या काही वेळोवेळी टिपून ठेवल्या. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली. म्हणजे आपले पुस्तक त्यांनी पाहिलेदेखील नाही. आज शाळेतल्या पोरापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना त्या ठाऊक आहेत.

आता कल्पना करा की जात्यापाशी बसलेल्या त्या बाईला कोणी सांगितले असते, "बाई, हे पुढे छापले जाणार आहे. पुण्या-मुंबईची विद्वान मंडळी वाचणार आहेत. तेव्हा जरा शुद्ध बोला." काय झाले असते? ती बोली गेली असती. शेतातले आणि घरातले रोजचे शब्द जाऊन त्यांच्या जागी पुस्तकातले शब्द आले असते. आणि त्या काळी मासिकांतून छापून आलेल्या शेकडो कवितांत आणखी एकीची भर पडली असती. बहिणाबाईंना वाचक ठाऊकच नव्हता, म्हणून वाचकाची भीतीही ठाऊक नव्हती. दळणाला लय हवी होती आणि मनातले बोलायला जागा हवी होती. एवढ्यावर ते काव्य उभे आहे.

बहिणाबाई एकट्या नव्हत्या. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाया महाराष्ट्राच्या गावोगाव होत्या. पहाटे घर झोपलेले, ऐकणारे कोणी नाही, फार तर जात्याचा दुसरा खुंटा धरणारी जाऊ किंवा नणंद. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या! त्यांतल्या एकीलाही संपादक नव्हता. सासूविषयी, नवऱ्याविषयी, माहेराविषयी जे दिवसाउजेडी तोंडातून काढण्याची सोय नव्हती ते त्या बायांनी पहाटेच्या अंधारात जात्याला सांगितले. आपल्या पुसदच्या आजूबाजूच्या तांड्यांवर म्हाताऱ्या बंजारा बायकांच्या तोंडी अजून गाणी आहेत. आमच्या वर्गात तांड्यावरून येणाऱ्या मुली आहेत. त्या आजीचे गाणे ऐकत मोठ्या झाल्या, पण वार्षिकांकासाठी कविता लिहितात ती निशिगंधावर. त्यांना मी हसत नाही. मी कोणत्या तोंडाने हसणार? मीही घरी वऱ्हाडी बोलते आणि कवितेत 'नयन' लिहिते.

इथपर्यंत आले तेव्हा मला वाटले होते की प्रश्न सुटला : वाचकाला विसरा आणि लिहा. पण दुसरी हकीकत इतकी सरळ नाही.

ती बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला, १८८१ साली. त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले गेले. त्याचा संताप येऊन ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. ते १८८२ मध्ये पुण्यास छापले गेले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. बुलढाण्यासारख्या ठिकाणची एक बाई, शंभरावर वर्षांपूर्वी, पुरुषांना उद्देशून रोखठोक प्रश्न विचारते की जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय? भाषा घरातली आहे, धारदार आहे, कुठे कुठे शिव्याशापांपर्यंत जाणारी आहे. वाचकाला काय वाटेल याची पर्वा करून असे पुस्तक लिहिताच येत नाही.

आणि वाचकांना जे वाटायचे ते वाटले. पुस्तकावर टीका झाली, टवाळी झाली. महात्मा फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, पण असा आधार देणारे थोडे. ताराबाईंचे त्यानंतरचे दुसरे पुस्तक आपल्याला माहीत नाही. पुस्तकही विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा १९७५ साल उजाडले होते. मधे ९३ वर्षे गेली.

या ९३ वर्षांचा विचार करते तेव्हा मी अस्वस्थ होते. वाचकाची पर्वा करू नका असे सांगणे सोपे आहे, पण वाचक निर्दय असू शकतो, आणि त्याची किंमत लिहिणाराला मोजावी लागते. खेड्यातल्या मुलीला तर अधिकच. तिने एक ओळ जरी खरी लिहिली तरी 'हे कोणाविषयी आहे?' असे विचारणारे दहा जण निघतात. पण हेही तितकेच खरे की ताराबाईंनी आधी वाचकांची मते गोळा केली असती तर ते पुस्तक झालेच नसते. आणि लिहून पेटीत ठेवले असते, तर १९७५ सालच्या वाचकाच्या हाती काय पडले असते? म्हणजे लिहिताना त्यांनी वाचकाला बाजूला ठेवले, आणि लिहून झाल्यावर त्याच्यासमोर ठेवले. या दोन वेगळ्या कृती आहेत. आपण त्या एकच समजतो आणि तेथेच घोटाळा होतो असे मला वाटते.

तिसरे उदाहरण अमरावतीचे. दादासाहेब खापर्डे यांना लोक वऱ्हाडचे नवाब म्हणत. नामांकित वकील, लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, अमरावतीच्या १८९७ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष. हा भरगच्च आयुष्याचा माणूस चाळीसहून अधिक वर्षे रोजनिशी लिहीत होता. ती इंग्रजीत आहे. सकाळी किती वाजता उठलो, कोण भेटायला आले, काय बोलणे झाले, गाडी चुकली, प्रकृती बरी नाही, अशा नोंदी. १९१०, आणि पुढे १९११-१२ मध्ये ते शिर्डीला साईबाबांपाशी राहिले. तेथेही रोजची नोंद चुकली नाही. आज शिर्डीच्या त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला खापर्ड्यांची रोजनिशी वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. का? कारण ती वाचकाला प्रभावित करण्यासाठी सजविलेली नाही. त्या दिवशी जे घडले तेवढेच त्या दिवशीच्या पानावर आहे. हाच मजकूर व्याख्यानासाठी लिहिला असता तर त्यात अलंकार आले असते आणि गाडी चुकल्याची नोंद गेली असती. आज आपल्याला त्या गाडीचेच मोल अधिक आहे.

आता कोणी म्हणेल, "वा! म्हणजे स्वतःसाठी लिहायचे म्हणजे मनाला येईल ते खरडायचे. शुद्धलेखन नको, अर्थ नको, मेहनत नको." हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यात असे लिहिणारेही आहेत. कविता कळली नाही असे म्हटले की 'मी स्वतःसाठी लिहितो' हे त्यांचे ठरलेले उत्तर. ते उत्तर नसून पळवाट आहे. अरुण कोलटकरांचे उदाहरण घ्या. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा त्यांचा मराठी संग्रह १९७७ साली आला. त्यानंतर मराठी वाचकाच्या हाती त्यांचा दुसरा संग्रह पडायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली. मग २००३-०४ च्या सुमारास 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण' ही पुस्तके लागोपाठ आली. २००४ च्या सप्टेंबरात ते गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला तो २००५ साली, त्यांच्या पश्चात. मधल्या काळात वाचक विसरतील, नाव मागे पडेल, अशी घाई त्यांनी केली नाही. 'भिजकी वही' हे नाव वाचले की तुकोबांच्या इंद्रायणीतल्या वह्या आठवतात. वही बुडाली तरी शब्द बुडत नाहीत ही आपल्या भाषेची जुनी श्रद्धा आहे. पण ते शब्द तसे असावे लागतात. स्वतःसाठी लिहिणाऱ्याला एकच वाचक असतो, तो स्वतः, आणि त्या वाचकाला फसविणे सर्वांत कठीण. परीक्षकाला आवाज कापरा करून फसविता येते. मी फसविले आहे. पण घरी येऊन वही उघडली की आपण खोटे लिहिले हे आपल्याला कळतेच.

या संदर्भात आपल्या जिल्ह्यातच घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. यवतमाळला साहित्य संमेलने दोन झाली. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. दुसरे २०१९ च्या जानेवारीतले, ९२ वे, अध्यक्ष अरुणा ढेरे. या दुसऱ्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी इंग्रजीतल्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलाविले होते. पुढे ते निमंत्रण मागे घेण्यात आले. ऐकणाऱ्यांतले कोणी दुखावेल, गोंधळ होईल, ही धास्ती. सहगल यांनी भाषण आधीच लिहून ठेवले होते. व्यासपीठ मिळाले नाही, पण भाषण वर्तमानपत्रांतून छापून आले आणि मांडवात बसली असती त्याहून कितीतरी अधिक माणसांनी ते वाचले. आणि त्या संमेलनाचे उद्घाटन केले ते आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. साहित्यिक म्हणून त्यांची ओळख नव्हती. आपल्यावर आलेले त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले आणि साहित्यिकांनी भरलेल्या मांडवाने ते ऐकले.

माझ्या कवितेतली ठिगळाच्या लुगड्यातली आई आणि त्या व्यासपीठावर उभी राहिलेली बाई यांत किती अंतर आहे ते मला फार उशिरा कळले. पहिली मी श्रोत्यांच्या पसंतीसाठी बनविली होती. दुसरी कोणी बनविलेली नव्हती.

आता माझे मत. लिहिताना वाचकाला खोलीबाहेर बसवावे. तो कितीही मोठा असो, सर असोत, परीक्षक असोत, घरचे असोत, की हल्ली मोबाईलवर दोन ओळी टाकताच अंगठे दाखविणारी मित्रमंडळी असोत. दार लावून घ्यावे आणि जे दिसले, जे वाटले, ते आपल्या घरच्या शब्दांत वहीत उतरवावे. वही काही विचारीत नाही. लिहून झाल्यावर चार दिवस जाऊ द्यावेत, मग स्वतः वाचावे आणि खोटे असेल ते खोडावे. येथपर्यंतचे काम स्वतःसाठी. त्यानंतर दार उघडावे. कारण सरांचे म्हणणे बरोबर आहे. सोपानदेवांनी टिपून ठेवले नसते तर बहिणाबाई आपल्याला मिळाल्या नसत्या. वाचक हवाच. मात्र त्याने नंतर यावे, आधी नव्हे.

आणि दार उघडताना वाचकाबरोबर आणखी एका माणसाचा विचार करावा, असे आता मला वाटू लागले आहे. ज्याच्याविषयी लिहिले त्या माणसाचा. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकविले नाही, बाबांनी शिकविले.

त्या संध्याकाळनंतर महिनाभराने मी वहीत बैल विकल्याच्या दिवसाविषयी लिहिले. कविता नव्हे, साधे गद्य, चार पाने. पहाटे बाजाराला नेण्यासाठी बैल सोडले तेव्हा आईने त्यांच्यापुढे पोळी धरली ते लिहिले. बाबा संध्याकाळी एकटे परत आले आणि हातपाय न धुता कोठ्यात जाऊन बसले ते लिहिले. त्या साली कोणाचे किती देणे होते तो आकडाही लिहिला, कारण तो मला ठाऊक होता आणि त्यावाचून गोष्ट पुरी होत नव्हती. कासरा अजून कोठ्यातल्या खुंटीला टांगलेला आहे, हे शेवटचे वाक्य. लिहिताना रडू आले नाही. आरशाची तर आठवणसुद्धा झाली नाही.

आठ दिवसांनी धीर करून ती पाने बाबांना वाचून दाखविली. ते बाजेवर बसून ऐकत होते. वाचून झाले. टाळ्यांचा प्रश्नच नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "कासरा खुंटीले नाही वं, मेढीले अडकवेल हाय."

मी उठून पाहून आले. कासरा खरोखरच मेढीला होता. मी चार वर्षे तो पाहत होते आणि तरी चुकीचे लिहिले होते. पारितोषिक मिळालेल्या कवितेतले एकही वाक्य बाबांनी दुरुस्त केले नव्हते. दुरुस्त करण्यासारखे त्यात काही नव्हतेच, ती सारीच दुसऱ्या कोणाची होती. या चार पानांत मात्र त्यांना आपले घर दिसले, म्हणूनच चूकही दिसली. मला मिळालेला हा पहिला खरा अभिप्राय.

मग मी विचारले, "बाबा, हे वार्षिकांकात देऊ?"

ते बराच वेळ विचारात पडले. "बैलाचं लिही," ते म्हणाले. "देन्याचं लिहू नको. वहीत राहू दे."

म्हणून तो आकडा येथे नाही. आकड्याविना ती चार पाने लंगडी होतात, म्हणून तीही संपादकांकडे दिली नाहीत. त्यांच्याऐवजी हा लेख दिला. कोणी म्हणेल, शेवटी तूही घाबरलीस. तसे असेलही. पण माझ्या मते घाबरून न लिहिणे वेगळे आणि लिहून, विचारून, थांबणे वेगळे. तो आकडा वहीत आहे. खरा आहे, माझ्या अक्षरात आहे. कधी बाबा हो म्हणतील, कधी म्हणणार नाहीत. लिहायला मला कोणाची परवानगी लागली नाही. छापायला लागते.

आणि मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर? स्वतःसाठी लिहिलेले वार्षिकांकात का द्यावे? आमच्या वर्गातल्या कोणा मुलीने किंवा मुलाने हा लेख वाचून आपल्या आजीचे एक गाणे, आपल्या बोलीत, जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले तर मला पुरे. मग ते छापायला द्यायचे की नाही ते आजीला विचारावे.

सूचनाफलकावरचा कागद पुढल्या जानेवारीत पुन्हा लागेल. तोवर वहीची पाने भरपूर आहेत.